चिंच फोडायला आलेले पाहुणे

माझी बायको मुक्ता गेली ते मला नगरच्या दवाखान्यात, लिफ्टसमोर कळलं. डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, "काका, आम्ही खूप प्रयत्न केला." मी म्हणालो, "बरं." आमची मुलगी निकिता पुण्याला असते. ती नंतर मला म्हणाली, "पप्पा, अशा वेळी कोणी 'बरं' म्हणतं का?" पण मी जन्मभर एसटीत कंडक्टर होतो. समोरचा माणूस काही सांगत असतो तेव्हा त्याच्या मागे रांग खोळंबलेली असते. बरं म्हणायचं आणि पुढे सरकायचं, अशी सवय लागते.

मुक्ताचा फोन माझ्या खिशात होता. तो त्याच वेळी वाजला. कोरियातून मिसेस हान यांचा मेसेज होता. दिवाळीनंतर त्यांच्या चर्चचे चार स्वयंसेवक घेऊन येते, तिकिटं काढली, असं इंग्रजीत लिहिलं होतं. खाली विमानाचं चित्र होतं आणि एक हसणारं तोंड होतं. त्या तोंडाकडे मी बराच वेळ बघत उभा राहिलो. लिफ्टवाला म्हणाला, "काका, वर जायचंय का खाली?" मी गडबडलो आणि माझं बोट फोनवर कुठेतरी लागलं. तिकडे अंगठा गेला. पिवळा, वर केलेला.

अशा रीतीने सख्ख्या मेहुण्याला बातमी कळायच्या आधी मिसेस हान यांना माझ्या घराचं आमंत्रण पक्कं झालं.

मुक्ता मिशनची बाई होती. तिचे आजोबा सुवार्तिक, गावोगाव बायबल सांगत फिरणारे, वडीलही सुवार्तिक आणि ती स्वतः आमच्या मंडळीची, म्हणजे इथल्या चर्चची, महिला सेविका. संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, सासू-सुनांची भांडणं आणि परदेशी पाहुणे ही तिची खाती. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावात जुनं मिशन कंपाउंड आहे, त्यातलं कोपऱ्यातलं घर आमचं. पाहुणे कुठलेही असोत, उतरायचे आमच्याकडेच.

त्यातही स्वयंसेवक हा पाहुण्यांचा वेगळा प्रकार आहे. साधा पाहुणा बसतो. स्वयंसेवकाला बसवत नाही. तो एवढ्या लांबून विमानाने येतो तोच मुळी काम करायला. सकाळी चहा झाला की बाह्या वर करून दारात उभा राहतो आणि काम मागतो. आता आपल्याकडे पाहुण्याने ताट उचललं तरी घरमालकाची मान खाली जाते. त्याला काम सांगायचं कसं? बऱ्याच ठिकाणी त्यांना चर्चची भिंत रंगवायला देतात. पारनेरकडच्या एका मंडळीने दरवर्षी दारं रंगवायला दिली. रंगाचे थर इतके चढले की दारं लागेनात. शेवटी सुतार बोलावून तासून घ्यावी लागली.

मुक्ताने यावर चिंचेचा उपाय काढला होता. कंपाउंडात चिंचेची जुनी झाडं आहेत. चिंच उन्हाळ्याच्या तोंडाला उतरते, तेव्हाच बायका ती फोडतात, चिंचोके काढतात आणि ती नगरच्या बाजारात जाते. सगळं जग असंच करतं. मुक्ता मात्र काही पोती न फोडता दिवाळीपर्यंत कोठीत ठेवायची. पाहुणे आले की ओट्यावर सतरंजी टाकायची, कंपाउंडातल्या बायकांना मजुरीवर बोलवायची आणि पाहुण्यांना त्यांच्यामध्ये एकेक करून बसवायची. पाहुणे फुकट काम करायचे आणि त्यांच्याशेजारी बसल्याबद्दल बायकांना मजुरी मिळायची. हा हिशेब मला कधी समजला नाही. मी ड्यूटीवर असायचो.

ती गेल्यावर घरात शांतता झाली. त्यामुळे पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी पंखा दुरुस्त करून घेतला. मग मोरीच्या दाराची बिजागरी ऐकू यायला लागली. ती बदलली. असं करत करत मी कोठीपर्यंत पोचलो. कोठीत चिंचेची पोती होती. मला वाटलं, बिचारीच्या आजारपणात राहून गेली असतील; पाहुण्यांसाठी ठेवलेली असतील हे तेव्हा सुचलंच नाही. मी शेजारच्या गीताबाईला आणि बाकीच्या बायकांना बोलावलं आणि सगळी चिंच फोडून विकून टाकली.

फोडताना गीताबाई एकदा म्हणाली, "भाऊजी, ही ठिवायची न्हाई व्हय?"

"कशाला ठेवायची? किडे होतील."

त्यावर ती गप्प बसली. गीताबाई गप्प बसली तिथेच मला शंका यायला हवी होती.

मुक्ता गेल्याचं मिसेस हान यांना आमच्या चर्चच्या प्रशांत पाळकांनी इंग्रजीत कळवलं. मला वाटलं, आता येणं रद्द होईल. उत्तर उलटंच आलं. पाळकांनी ते उपासनेनंतर मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही येणारच, मुक्ताच्याच घरी राहणार आणि मुक्ता जे काम द्यायच्या तेच काम करणार.

मंडळीतल्या बायकांनी डोळे पुसले. मी कोठीच्या रिकाम्या खोलीचा विचार करत होतो.

मंडळीच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी रंभाजी साळवे. त्यांनी गावाबाहेर नवा बंगला बांधला आहे. त्याला लागून मंडळीच्या प्रार्थना हॉलचं बांधकाम चालू आहे, त्याचा गिलावा बाकी आहे. कमिटीच्या बैठकीत रंभाजी म्हणाले, "कंडक्टर, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या घरात आता बाईमाणूस नाही. जेवणाचं काय, आंघोळीच्या पाण्याचं काय? माझ्याकडे दोन खोल्या आहेत, गिझर आहे. हॉलचं काम पण आहे. आपली जुनी पद्धत काय? जिथे काम, तिथे पाहुणे."

"तशी पद्धत आहे खरी," पाळक म्हणाले. पाळक तरुण आहेत. कोणाचंही बोलणं संपलं की ते त्याच्याशी सहमत होतात.

"काम माझ्याकडे पण आहे," मी म्हणालो.

"कसलं?"

"चिंच."

"दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतर."

"असेल तर ठीक," रंभाजी म्हणाले. "नसेल तर मी गाडी पाठवतो."

मी असं का बोललो ते सांगतो. सांत्वनाला येणारे येऊन गेले होते. नातेवाईक येऊन गेले होते. मुक्ताच्या नावाने त्या घरात यायचं कोणी राहिलं असेल तर ती ही कोरियातली माणसं. रंभाजीच्या बंगल्यात उतरली तर ती मंडळीची पाहुणी होणार होती. मुक्ताची राहणार नव्हती. एवढंच कारण होतं. ते कमिटीत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून मी चिंच म्हणालो.

ही बातमी कंपाउंडभर पसरायला चहा उकळायला लागतो त्याहूनही कमी वेळ लागला. सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं, त्यांना शोषखड्डा खणायला द्या. कोणी म्हणालं, शाळेत इंग्रजी शिकवायला पाठवा. त्यांचंच इंग्रजी तोडकंमोडकं आहे, असं मी सांगितल्यावर तो सल्ला देणारा म्हणाला, "मग तर मुलं घाबरणार नाहीत." निकिता फोनवर म्हणाली, "पप्पा, त्यांना सरळ शिर्डी, शनिशिंगणापूर दाखवा." मी म्हणालो, "बाळ, ते चर्चचे लोक आहेत." ती म्हणाली, "मग किल्ला दाखवा."

चिंच शोधण्याआधी पोलिसांचं काम होतं. परदेशी माणूस घरी उतरला की पोलिसांना कळवावं लागतं. मुक्ता ते मोबाईलवरून करायची. पासवर्ड तिच्याबरोबर गेला. म्हणून मी आधीच ठाण्यावर विचारायला गेलो.

टेबलावर अजिनाथ नावाचा हवालदार होता. त्याने मला ओळखलं.

"तुम्ही शेवगाव आगाराचे अमोलिक ना? मला एकदा गाडीतून उतरवलं होतं तुम्ही. कॉलेजला होतो तेव्हा. पास संपला म्हणून."

"संपला होता का?"

"संपला होता."

"मग बरोबर आहे."

"बरोबरच आहे. पण पाऊस चालू होता."

त्याने कागद पुढे ओढला.

"कुठून येणार?"

"कोरिया."

"कशासाठी?"

"चिंच फोडायला."

त्याने 'चिं' लिहिलं आणि पेन थांबवलं. "विमानानं येणार?"

"विमानानेच यावं लागतं."

"आन् चिंच फोडून परत जाणार."

"हो."

तो उठला आणि मला आत साहेबांकडे घेऊन गेला. साहेबांनी मला बसायला सांगितलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"खरं काय ते सांगा," साहेब म्हणाले. "धर्मप्रसार, सभा, असं काही आहे का?"

"साहेब, आमचं ते पणजोबांच्या वेळी उरकलं. कंपाउंडात आता नवीन माणूस शिल्लक नाही."

साहेब हसले नाहीत. "पर्यटक व्हिसावर मजुरी चालत नाही, माहिती आहे ना? मजुरी देता त्यांना?"

"त्यांना नाही. त्यांच्याशेजारी ज्या बायका बसतात त्यांना देतो."

"म्हणजे काम हे करणार आणि पैसे त्यांना मिळणार?"

"काम त्या पण करतात."

साहेबांनी अजिनाथकडे पाहिलं. अजिनाथने छताकडे पाहिलं. आयुष्यात मी हजारो लोकांची खोटी कारणं ऐकली. पाकीट मारलं, बाळ आजारी आहे, पास घरी राहिला. त्या दिवशी मला कळलं की खरं सांगणारा माणूसही तसाच दिसतो.

"यांची तुमची ओळख कशी?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या बायकोची ओळख आहे."

"मग त्यांना बोलवा. त्यांनाच विचारू."

"वारली ती. पावसाळ्यात."

साहेबांनी अजिनाथच्या हातातला कागद घेतला, 'चिं' खोडलं आणि स्वतःच्या हाताने 'कौटुंबिक भेट' असं लिहिलं. "हवालदार येऊन खात्री करून जातील," म्हणाले. एवढं झाल्यावर मी चिंच शोधायला मोकळा झालो.

नगरच्या मार्केटात बन्सीशेठ चिंचेचे जुने व्यापारी. मी म्हणालो, "न फोडलेली चिंच पाहिजे. तीन पोती."

"फोडलेली देतो ना. कोल्ड स्टोरेजची आहे, एक नंबर."

"फोडलेली नको."

"का?"

"फोडायची आहे."

बन्सीशेठनी चष्मा काढला. फोडलेली चिंच समोर तयार असताना न फोडलेली मागणारा माणूस त्यांच्या गादीवर पहिल्यांदाच आला होता. त्यांना वाटलं, मला समोरच्या व्यापाऱ्याने पाठवलं आहे. मी सगळी हकीकत सांगितली. ती ऐकल्यावर त्यांना तशी खात्रीच झाली. पण माणूस भला. म्हणाले, "आता या दिवसांत अशी चिंच कोणी ठेवत नसतं. फक्त भांडणातली मिळेल. कर्जतकडे एका म्हातारीकडे आहे. दोन पोरांचं वाजलंय."

कर्जतकडची ती म्हातारी म्हणजे राहीबाई. चिंचेचं झाड दोन भावांच्या बांधावर. चिंच कोणाची यावरून वाद झाला, तेव्हा राहीबाईने सगळी चिंच खोलीत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. थोरला अमृत ओसरीच्या एका टोकाला बसला होता, धाकटा दुसऱ्या टोकाला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जे बोलायचं ते आईला सांगत होते आणि दोघांनाही ते नीट ऐकू येत होतं.

"दोघं बी व्हय म्हनले तर किल्ली देते," राहीबाई म्हणाली.

अमृत म्हणाला, "आई, त्याला इचार. तो व्हय म्हनला की मी म्हनतो."

धाकटा म्हणाला, "आई, मी लहान हाय. आधी थोरल्यानं म्हनावं."

हे दोन चहा होईपर्यंत चाललं. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. शेवटी मी उठून उभा राहिलो आणि डेपोतल्या आवाजात म्हणालो, "ही शेवटची गाडी आहे. यानंतर गाडी नाही. मी तीन म्हणेन तेव्हा दोघांनी एकदम हो म्हणायचं. एक. दोन. तीन."

दोघं एकदम "व्हय" म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राहीबाईने पदर तोंडाला लावला आणि किल्ली काढून दिली. पोती टेम्पोत चढवताना भाऊ एकमेकांना "धर", "सोड" एवढं बोलायला लागले होते. सगळ्या व्यवहारात कोणाचं खरं भलं झालं असेल तर ते त्या घराचं.

पाहुणे ठरल्या वेळी आले. मिसेस हान माझ्याच वयाच्या असतील. याआधी त्या अनेकदा येऊन गेल्या होत्या, पण मी ड्यूटीवर असल्यामुळे आमची ओळख जाता-येता नमस्काराची. त्या मला 'मिस्टर मुक्ता' म्हणतात. इतकी वर्षं मला ते खटकायचं. दारात उतरल्यावर त्या तसंच म्हणाल्या, आणि या वेळी मी दुरुस्त करायला गेलो नाही.

त्यांच्याबरोबरचे चौघे तरुण. त्यांच्या फोनमध्ये भाषांतर करणारी बाई होती. ते कोरियन बोलायचे आणि ती बाई बातम्या दिल्यासारखं मराठी बोलायची. आमच्या कंपाउंडात तितकं शुद्ध मराठी पाळकसुद्धा बोलत नाहीत. गीताबाईने परदेशी माणसांसाठी म्हणून बिनतिखटाचं जेवण केलं होतं. ते त्यांनी सभ्यपणे खाल्लं. मग एकाने गीताबाईच्या ताटातल्या ठेच्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून ठेचा पातेल्यात करावा लागला. पहाटे ते सगळे मिळून मोठमोठ्याने प्रार्थना करायचे. पहिल्या दिवशी समोरचे लोक काठी घेऊन धावत आले, कोणाला मारतायत म्हणून. नंतर त्याच आवाजावर ते दूध काढायला उठायला लागले.

ओट्यावर सतरंजी पडली. बायका बसल्या, मध्ये पाहुणे बसले. अजिनाथ खात्री करायला आला, युनिफॉर्मवर. गीताबाई त्याला म्हणाली, "उबं राहून काय खात्री हुती व्हय? बसा." तो बसला आणि फोडायला लागला. हात चांगला होता त्याचा.

सगळं मुक्ताच्या वेळेसारखं चाललं होतं. फक्त एक चूक झाली होती. राहीबाईची चिंच सबंध उन्हाळा-पावसाळा बंद खोलीत वाळलेली. टरफल बोटाने निघत होतं. त्यात पाच पाहुणे, आठ बायका आणि एक हवालदार. तिसरं पोतं उघडलं तेव्हा पाहुण्यांचा निम्मा मुक्कामसुद्धा झाला नव्हता. रंभाजी रोज फटफटीवरून येऊन फाटकातूनच विचारायचे, "किती राहिली, कंडक्टर?" स्टॉपवर उभा असलेला माणूस मागची गाडी किती लांब आहे विचारतो, तसं.

तिसरं पोतं संपलं त्याच दिवशी रंभाजींनी सगळ्या पाहुण्यांना जेवायला बोलावलं. हॉल दाखवायचा होता. पाहुणे गेले. मी ओट्यावर रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत बसलो. गीताबाई आणि तिच्या दोघी जावा आल्या, फोडलेली चिंच पाट्यांत ओतली आणि मांडी घालून बसल्या. मी बघितलं तर त्या चिंचेच्या गरात चिंचोके भरत होत्या. एकेक, व्यवस्थित.

"गीताबाई, हे काय?"

"उद्याचं काम."

"अहो, ही फसवणूक आहे."

"फसवनूक कशाची, भाऊजी? त्यास्नी बसाया पायजे. बसाया कारन पायजे."

"ते काही नाही. हे पाप आहे."

"मंग जाऊ द्या रंभाजीकडं," ती म्हणाली आणि हात थांबवले.

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. चिंचोका आत सरळ घातला तर बाहेर येतो, आडवा घालावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सकाळी पुन्हा सतरंजी पडली. पाळक आले होते. रंभाजी या वेळी गाडी घेऊन आले होते. पाट्यांमध्ये चिंच बघून त्यांचं तोंड उतरलं. "ही कुठून आली?"

"आतल्या खोलीत होती," गीताबाई म्हणाली. ते खोटं नव्हतं.

मिसेस हान यांनी चिंचेचं पहिलं बोटूक उचललं. उघडलं. चिंचोका काढला. त्याचं साल त्यांच्या बोटात निघून आलं. त्यांनी तो नाकाशी नेला. मग तोंडात टाकला. कडकन आवाज झाला. तो सगळ्या ओट्याने ऐकला.

मी गीताबाईकडे पाहिलं. ती पुटपुटली, "कच्चं चिंचोकं परवाच फेरीवाल्याला इकलं. घरात भाजलेलंच हुतं, पोरांसाठी केलेलं. म्हनलं, कोन खाऊन बघनार हाय?"

मिसेस हान फोनमध्ये काहीतरी बोलल्या. फोनमधली बाई म्हणाली, "हे बीज भाजलेले आहे."

"काय म्हणाली?" रंभाजींनी विचारलं. जन्मभर दुसऱ्यांना विनातिकीट पकडलं आणि शेवटी स्वतःच्या ओट्यावर, हवालदारासमोर, भाजलेल्या चिंचोक्यासकट मी पकडला गेलो.

मिसेस हान पुन्हा फोनमध्ये बोलल्या. या वेळी बोलताना त्यांना हसू येत होतं. फोनमधली बाई मात्र गंभीर होती.

"मुक्ता बीज भाजत नव्हत्या."

मला ते कळायला वेळ लागला. मी गीताबाईकडे वळलो. ती फाटकाकडे बघत होती.

"गीताबाई?"

"बाईंनी शपत घातली हुती. भाऊजीला कळू द्यायचं न्हाई म्हनल्या. हिशेब इचारत बसत्याल."

मग फोनच्या बाईने एकेक करून सगळं सांगितलं. पहिल्या वर्षीच चिंच लवकर संपली होती. मिसेस हान पाणी प्यायला आत गेल्या, तर मुक्ता आणि गीताबाई कोठीत बसून चिंचोके परत भरत होत्या. मिसेस हान काही बोलल्या नाहीत. बाहेर येऊन बसल्या. पुढच्या वर्षी येण्याआधी त्यांनी आपल्या चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं. आता इथे येणाऱ्या प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला ते आधीच सांगतात, की चिंच संपेल, पण संपणार नाही, तेव्हा आश्चर्य दाखवायचं नाही. त्यांच्या प्रशिक्षणात ते आहे.

चौघा तरुणांनी माना हलवल्या. बायकांनीही हलवल्या. म्हणजे ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. कोरियात माहीत होतं. माझ्या घराची गाडी कुठे जाते ते सगळ्या प्रवाशांना ठाऊक होतं, कंडक्टर सोडून.

"म्हणजे काम संपलंय," रंभाजी म्हणाले. "मग झालं तर. सामान गाडीत टाकू."

पाळकांनी ते इंग्रजीत सांगितलं आणि सवयीने सहमतही झाले. मिसेस हान यांनी पाटी पायाजवळ ओढली आणि फोनमध्ये एकच वाक्य बोलल्या.

"काम बाकी आहे."

"अहो, पण हे खोटं काम आहे!" रंभाजी म्हणाले.

"आन् तुमच्या हालचं खरं हाय व्हय?" गीताबाई म्हणाली. "तीन येळा गिलावा लावला, तीन येळा पडला. आमच्या चिंचोक्यानं कुनाचं डोकं तरी फुटत न्हाई."

अजिनाथ मोठ्याने हसला आणि मग युनिफॉर्म आठवून गप्प बसला. रंभाजी गाडीजवळ गेले. ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, इंजिन बंद करू का?" ते म्हणाले, "कर." मग आले आणि ओट्याच्या कडेला बसले. गीताबाईने त्यांच्याकडेही एक बोटूक सरकवलं.

राहिलेले दिवस सगळ्यांनी फार हळू काम केलं. काही भाजलेले चिंचोके खाऊनच संपले. मिसेस हान यांच्या शेजारची जागा पूर्वी मुक्ताची असायची. तिथे कोणी बसत नव्हतं, म्हणून गीताबाईने मला बसवलं. मिसेस हान मुक्ताबद्दल बोलायच्या. मी झोपेत 'पुढे सरका' म्हणतो, हे मुक्ताने त्यांना सांगितलं होतं. ती दुपारी ओट्यावर काय काय बोलायची, कशाला हसायची, हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा पाथर्डीच्या फेरीवर असायचो. ते सगळं मी आता ऐकून घेतलं. फोनमधल्या बाईच्या आवाजात, पण घेतलं.

जायच्या दिवशी दोन पाट्या शिल्लक होत्या. मिसेस हान यांनी त्या स्वतः उचलून कोठीत ठेवल्या आणि वर फडकं झाकलं. मी म्हणालो, "गीताबाईकडून करून घेतो." फोनमधल्या बाईने ते सांगितल्यावर त्यांनी जोरात मान हलवली. नाही म्हणून.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत रंभाजींनी पुढच्या वर्षीचा विषय काढला. पद्धत तीच, जिथे काम तिथे पाहुणे. "तुमच्याकडे काम आहे का, कंडक्टर?" मी आहे म्हणालो. त्यांनी सेक्रेटरी म्हणून ते वहीत लिहून घेतलं आणि पाळक सहमत झाले.

परवा गीताबाई आली होती. म्हणाली, "भाऊजी, मोकळी हाय आज. त्या पाट्या देऊ का उरकून?" मी नको म्हणालो. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दोन पाट्या चिंच फोडायची राहिली आहे.